सुरुवातीच्या सायकोसिसवरील औषधे आणि वांशिक फरक : हा मुद्दा उपचारात कसा वापरावा

सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटणाऱ्या आजाराचा, पहिला एपिसोड आलेल्या व्यक्तीवर औषधोपचार सुरू झाला की घरचे लोक आणि नवखे डॉक्टर दोघेही वाचायला लागतात, आणि त्या वाचनात वांशिक फरकांचा उल्लेख हमखास येतो. पूर्व आशियातील रुग्णांना कमी डोस पुरतो, आफ्रिकी वंशाच्या अनेकांमध्ये एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी कमी असतात, दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह लवकर गाठतो, अशी ही विधाने असतात आणि त्यांतली बरीच खरीही आहेत. तरीही ती जशीच्या तशी उपचारात उतरवली तर उपयोगापेक्षा उपद्रव अधिक होतो, कारण वंश ही बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाची तरी ढोबळ खूण असते. कधी ती यकृतातील औषध तोडणाऱ्या एखाद्या एन्झाइमची असते, कधी धूम्रपानाच्या प्रमाणाची, तर कधी उपचार मिळण्यात झालेल्या उशिराची. ती खूण कशाच्या जागी उभी आहे हे ओळखावे आणि शक्य तिथे ती मूळ गोष्टच मोजावी, ही पद्धत उपचाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर कशी वापरायची ते पुढे दिले आहे. डोस ठरवणे आणि बदलणे हे मनोविकारतज्ज्ञांचे काम आहे. वाचकाने यातून घ्यायचे ते त्यांना विचारण्याचे प्रश्न आणि त्यांच्यासमोर ठेवण्याची माहिती.

विधान वाचताना

औषध नियमनासाठी काम करणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय मंचाने १९९८ मध्ये काढलेल्या ई-५ या मार्गदर्शिकेत वांशिक घटकांचे दोन गट केले आहेत. जनुके, शरीराचे आकारमान, यकृत-मूत्रपिंडांचे कार्य हे शरीरातले घटक. तर आहार, धूम्रपान, निदानाच्या आणि औषध लिहून देण्याच्या पद्धती, उपचार नियमित घेतले जाण्याचे प्रमाण हे बाहेरचे घटक. कोणताही फरक वाचनात आला की तो यांपैकी कोणत्या गटात बसतो हे आधी ठरवावे. शरीरातल्या घटकाचे उत्तर डोसमध्ये सापडू शकते; बाहेरच्या घटकाचे उत्तर डोसमध्ये शोधल्यास रुग्णाला नाहक जादा औषध मिळते.

त्यानंतर ‘औषध लागू पडले’ हे कशावरून म्हटले आहे ते पाहावे. लक्षणांच्या मोजपट्टीवरील आकडा घटणे, ठरावीक काळ लक्षणे सौम्य राहणे, औषध मध्येच न सुटणे आणि पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे न लागणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ मध्ये अँड्रिअसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या निकषानुसार आठ ठरावीक लक्षणे सौम्य किंवा त्याहून खालच्या पातळीवर सहा महिने टिकली तरच आजार उतरला असे मानतात. मोजमाप बदलले की निष्कर्ष किती बदलतो याचा नमुना म्हणजे पहिल्या एपिसोडवरचा युफेस्ट हा युरोप आणि इस्रायलमधील अभ्यास. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यात ४९८ रुग्ण होते. कमी डोसचे हॅलोपेरिडॉल हे सायकोसिसवरील जुने औषध आणि चार नवी औषधे यांत लक्षणांची सुधारणा जवळजवळ सारखी दिसली, परंतु हॅलोपेरिडॉल मध्येच थांबण्याचे प्रमाण मात्र स्पष्टपणे जास्त निघाले. एखाद्या समाजगटात ‘गुण कमी आला’ असे वाचल्यावर तिथे लक्षणे मोजली होती की औषध सोडणारे मोजले होते, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

गट कसे पाडले आहेत याकडेही लक्ष हवे. ब्रिटनमधील अभ्यासांत ‘एशियन’ गटात प्रामुख्याने भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश इथे मूळ असलेले लोक येतात, तर अमेरिकेतील अनेक जुन्या अभ्यासांत त्याच नावाखाली चिनी, जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी वंशाचे लोक येतात. पहिल्या अभ्यासाचा निष्कर्ष दुसऱ्या गटाला लावणे निराधार आहे. शिवाय रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवल्याप्रमाणे माणसांमधील जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य एकेका लोकसमूहाच्या आतच असते. त्यामुळे गटाची सरासरी हातात असली तरी समोरची व्यक्ती त्या सरासरीपासून किती दूर आहे ते कळत नाही. शेवटी, अभ्यासातले रुग्ण पहिल्या एपिसोडचे होते की वर्षानुवर्षे आजारी असलेले, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवरून काढलेले डोस पहिल्या प्रकारच्या रुग्णांना सहसा जास्त होतात.

पहिला डोस आणि यकृतातील एन्झाइम

पूर्वी कधीच ही औषधे न घेतलेल्या व्यक्तीला औषधाचा गुण लहान डोसवर येतो आणि दुष्परिणामही लहान डोसवरच दिसू लागतात. टोरांटोमध्ये शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी २००० साली पहिल्या एपिसोडच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलचे कमी डोस देऊन मेंदूची छायाचित्रे घेतली. त्यांत डोपामिनचे डी-२ ग्राहक, म्हणजे मेंदूच्या पेशींवरील डोपामिन स्वीकारणाऱ्या जागा, औषधाने ६५ टक्क्यांपेक्षा जास्त व्यापल्या गेल्यावर गुण येण्याची शक्यता वाढली, ७२ टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढण्याची आणि ७८ टक्क्यांच्या पुढे स्नायू आखडणे, कंप, बेचैनी यांची शक्यता वाढली. ही खिडकी अरुंद आहे. औषध शरीरातून सावकाश बाहेर पडणाऱ्या व्यक्तीत नेहमीचा डोसही तिच्या पलीकडे जाऊ शकतो.

वांशिक फरकाचा सर्वांत भक्कम पुरावा याच जागी आहे. १९८० च्या दशकात हॅलोपेरिडॉलवर झालेल्या अभ्यासांत सारख्या डोसवर चिनी रुग्णांच्या रक्तातील औषधाची पातळी इतर रुग्णांपेक्षा जास्त आढळली, आणि पुढच्या काळात यामागील कारणांचा एक भाग सीवायपी २डी६ या एन्झाइममध्ये सापडला. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल यांचे विघटन कमीअधिक प्रमाणात हे एन्झाइम करते. युरोपीय वंशाच्या लोकांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांमध्ये ते जवळजवळ काम करत नाही. पूर्व आशियात असे लोक सुमारे एक टक्काच आहेत, पण तिथे एन्झाइमचे काम मंदावणारा ‘तारांकित १०’ हा जनुकप्रकार अतिशय सामान्य आहे. आफ्रिकेत ‘तारांकित १७’ हा मंद जनुकप्रकार बराच आढळतो, आणि त्याच खंडातल्या इथिओपियात १९९६ च्या एका अभ्यासात २९ टक्के लोकांकडे या जनुकाच्या जादा प्रती निघाल्या, म्हणजे त्यांचे शरीर औषध फार लवकर संपवणारे होते. ‘आफ्रिकी वंशाच्या रुग्णाला अमुक डोस द्यावा’ हा सल्ला का टिकत नाही, हे या दोन गोष्टींतूनच दिसते.

यावर माझे मत असे की पहिल्या डोससाठी वंश विचारात घेण्याची गरज बहुधा पडतच नाही. पहिल्या एपिसोडमध्ये सर्वांनाच खालच्या टोकापासून सुरुवात केली आणि सावकाश वाढ केली, तर मंद चयापचयाची व्यक्ती कोणत्याही समाजातली असो, तिचे संरक्षण आपोआप होते. अमेरिकेतील पोर्ट या गटाच्या २००९ च्या शिफारशींतही पहिल्या एपिसोडसाठी क्लोरप्रोमाझिनच्या (डोसची तुलना करायला वापरले जाणारे जुने औषध) हिशेबाने दिवसाला ३०० ते ५०० मिलिग्रॅम इतकाच पल्ला सांगितला आहे आणि ओलान्झापिन पहिल्या पसंतीच्या औषधांतून वगळले आहे.

सावकाश म्हणजे किती, हे औषधावर ठरते. अरिपिप्राझोलची रक्तातील पातळी निम्मी व्हायला साधारण ७५ तास लागतात, आणि सीवायपी २डी६ काम करत नसलेल्या व्यक्तीत सुमारे १४६ तास. याचा अर्थ पहिल्या व्यक्तीत पातळी स्थिरावायला दोन आठवडे लागतात आणि दुसऱ्या व्यक्तीत जवळपास महिना. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘अजून फरक दिसत नाही’ म्हणून डोस वाढवल्यास तिसऱ्या आठवड्यात उद्भवणारी बेचैनी आजाराच्या खात्यावर मांडली जाते आणि डोस आणखी वाढतो. ही चूक टाळण्यासाठी डोस बदलल्याची तारीख आणि लक्षणांतील बदलाची तारीख घरच्या वहीत शेजारी शेजारी लिहिण्याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

जनुकचाचणी उपलब्ध असेल तर ती वंशाच्या अंदाजापेक्षा केव्हाही सरस आहे. चाचणीत सीवायपी २डी६ अकार्यक्षम निघाल्यास अरिपिप्राझोलचा डोस निम्मा करावा असे त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच नमूद आहे. रिस्पेरिडोनच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही, कारण त्याच्या विघटनातून तयार होणारा पदार्थही औषधासारखाच काम करतो. म्हणून दोघांची एकत्रित पातळी पाहावी लागते. चाचणीचा निकाल ‘सर्वसामान्य’ आला तरी सोबतची औषधे तपासावीत. नैराश्यासाठी दिलेले फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन हेच एन्झाइम अडवते आणि जनुकांनी सामान्य असलेल्या व्यक्तीला व्यवहारात मंद गटात नेऊन ठेवते. जनुके काहीही सांगोत, सोबतच्या गोळ्यांची संपूर्ण यादी, वनौषधींसकट, डॉक्टरांसमोर ठेवली पाहिजे.

ओलान्झापिन आणि क्लोझापिन (इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारासाठीचे औषध) यांचे विघटन मुख्यतः सीवायपी १ए२ करते. तंबाखूच्या धुरातील घटक या एन्झाइमचा वेग वाढवतात, निकोटिन नव्हे. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरते आणि तो रुग्णालयात दाखल होऊन धूम्रपान थांबले, की त्याच डोसवर काही दिवसांत पातळी चढते. निकोटिनची पट्टी लावली तरी ही चढण थांबत नाही. दोन समाजगटांत धूम्रपानाचे प्रमाण वेगळे असेल तर दोघांच्या डोसमधला फरक अभ्यासात वांशिक दिसू शकतो.

गुण येत नाही असे वाटल्यास

डोस वाढवण्याआधी किंवा औषध बदलण्याआधी रक्तातील पातळी तपासता येईल का, हे विचारावे. लंडनमधून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधाला दाद न देणारे म्हणून पाठवलेल्या रुग्णांच्या तपासण्यांपैकी ३५ टक्के तपासण्यांत औषधाची पातळी उपचारासाठी पुरेशी नव्हती आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश तपासण्यांत तर औषध सापडलेच नाही. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये अशी अपुरी पातळी अधिक वेळा आढळली. हा निष्कर्ष विचारपूर्वक वाचावा लागतो. ‘या रुग्णांना औषध लागू पडत नाही’ असे जे वरवर दिसत होते, त्याचा किमान काही भाग ‘औषध रक्तात पुरेसे पोहोचतच नव्हते’ असा होता. ते का पोहोचत नव्हते, म्हणजे डोस कमी होता, चयापचय वेगवान होते, की दुष्परिणामांमुळे किंवा अविश्वासामुळे गोळ्या घेतल्या जात नव्हत्या, हे पुढचे प्रश्न मात्र त्या व्यक्तीलाच, आरोप न करता, विचारावे लागतात.

औषधाला दाद न देणारा आजार असे म्हणण्यासाठी टीआरआरआयपी या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये ठरवलेले निकष वापरावेत: दोन वेगळी औषधे, प्रत्येक पुरेशा डोसमध्ये आणि किमान सहा आठवडे, नियमितपणे घेतल्याची खात्री करून. हे निकष पूर्ण झाले तर क्लोझापिनचा विचार लांबवू नये.

क्लोझापिन : जिथे वंशाचा प्रश्न खरोखर विचारावा लागतो

क्लोझापिनच्या बाबतीत दोन फरक प्रत्यक्ष निर्णय बदलतात. पहिला डोसचा आहे. साधारणपणे रक्तातील पातळी प्रति मिलिलिटर ३५० नॅनोग्रॅमच्या वर गेली की गुण येण्याची शक्यता वाढते. पूर्व आशियाई वंशाच्या रुग्णांमध्ये ही पातळी गाठायला धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सरासरी १५० मिलिग्रॅम आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषाला सरासरी ३०० मिलिग्रॅम पुरतात असे अभ्यासांतून दिसते. युरोपीय वंशाच्या रुग्णांना याहून बरेच जास्त लागतात. इथे वंशाइतकेच वजन लिंग आणि धूम्रपान यांना आहे, हे त्या आकड्यांतच दिसते. डोस झपाट्याने चढवल्यास हृदयाच्या स्नायूंचा दाह होण्याचा धोका वाढतो, म्हणून कमी डोस पुरण्याची शक्यता असेल तिथे चढण आणखी हळू ठेवावी. पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावे. ताप किंवा मोठा संसर्ग असताना पातळी अचानक वाढू शकते, हेही ध्यानात असावे.

दुसरा फरक रक्तपेशींचा आहे, आणि सुरुवातीच्या सायकोसिसमधील वांशिक विषमतेचे त्याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरून मृत्यू झाले, तेव्हापासून या औषधाबरोबर न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी जोडली गेली. पण सुरक्षित मानलेले आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, आणि काही प्रमाणात अरबस्तानात मूळ असलेल्या अनेक लोकांमध्ये एसीकेआर१ या जनुकाचा असा प्रकार असतो की लाल पेशींवर डफी हे प्रथिन नसते. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापापासून हा जनुकप्रकार संरक्षण देतो, आणि त्याच्यासोबत रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या जन्मापासूनच कमी असते. यामुळे संसर्गाचा धोका वाढत नाही. तरीही अशा निरोगी व्यक्तींना ‘पेशी कमी आहेत’ या कारणावरून क्लोझापिन नाकारले जाई किंवा चालू असलेले बंद केले जाई.

अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये यासाठी स्वतंत्र मर्यादा घातली: सर्वसाधारण रुग्णाला औषध सुरू करण्यासाठी प्रति मायक्रोलिटर किमान १५०० न्यूट्रोफिल, तर वांशिक स्वरूपाची निरुपद्रवी घट असलेल्यांना किमान १०००. इतर देशांचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून पेशी कमी असल्याचे सांगून क्लोझापिन टाळले जात असेल, तर तीन गोष्टी विचाराव्यात. जुन्या तपासण्यांत, आजाराच्याही आधी, हाच आकडा किती होता? डफी गटाची रक्तचाचणी करता येईल का? आणि रक्तविकारतज्ज्ञांचे मत घेतले आहे का? डफी चाचणी ही साधी रक्तगटाची चाचणी आहे, आणि त्वचेच्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा ती अधिक न्याय्य आहे, कारण आफ्रिकी वंशाच्या प्रत्येकात हा प्रकार नसतो आणि मिश्र वंशाच्या व्यक्तीत तो असू शकतो.

वजन, साखर आणि रक्तचाचण्यांचे सापळे

युफेस्ट अभ्यासात वर्षभरात ओलान्झापिनवरील रुग्णांचे वजन सरासरी १४ किलोंच्या आसपास वाढले. तरुण, पूर्वी औषधे न घेतलेल्या शरीरात ही वाढ पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते, त्यामुळे वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी यांचे आकडे पहिल्या गोळीच्या आधी घ्यावेत. दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींना कमी वजनावरच मधुमेह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्सचे (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले ते याचसाठी. २४ हा आकडा ‘सामान्य’ म्हणून सोडून दिला तर औषध बदलण्याची योग्य वेळ हातची जाते.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी सिकलसेल आजार किंवा जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या व्यक्तीत खोटी कमी येऊ शकते, कारण त्यांच्या लाल पेशींचे आयुष्य कमी असते. असा कौटुंबिक इतिहास असेल तर उपाशीपोटीची साखर तपासावी.

मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी कार्बामाझेपिन सुचवले गेले तर वेगळी काळजी हवी. चीन आणि आग्नेय आशियातील लोकांमध्ये अधिक आढळणारा एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना या औषधाने त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते, आणि २००७ पासून अमेरिकेत त्या वंशाच्या रुग्णांची आधी चाचणी करण्याची सूचना आहे.

औषधापर्यंत पोहोचण्याचा रस्ता

ब्रिटनमधील लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथे १९९७ ते १९९९ दरम्यान पहिल्या एपिसोडच्या रुग्णांवर झालेल्या एसॉप अभ्यासात कृष्णवर्णीय कॅरिबियन रुग्ण सक्तीने दाखल होण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा जास्त होते, आणि दहा वर्षांनंतरच्या पाहणीत त्यांची स्थितीही तुलनेने वाईट आढळली. ज्याची उपचाराशी पहिली ओळख पोलिसांमार्फत झाली, त्याचा गोळीवर विश्वास कमी असणे यात काही गूढ नाही, आणि त्याचे कारण एन्झाइममध्ये शोधणे चुकीचे आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे कृष्णवर्णीय रुग्णांना क्लोझापिन कमी वेळा लिहून दिले जाते, हेही वारंवार नोंदले गेले आहे. म्हणून अल्पसंख्य समाजातील रुग्णाच्या बाबतीत, लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती काळ गेला, दुभाष्या मिळाला का, औषधाचे पर्याय रुग्णाशी बोलून ठरले का, आणि थेट लांब पल्ल्याचे, म्हणजे अनेक आठवडे परिणाम टिकणारे, इंजेक्शन दिले असेल तर ते कोणत्या कारणाने, याची नोंद करावी. गुण कमी आल्याचे कारण इथे सापडण्याची शक्यता जनुकांइतकीच आहे.

रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे किंवा दुसऱ्या गावी जाणार असेल, तर सोबत एक पान तयार ठेवावे. त्यावर आतापर्यंतचे प्रत्येक औषध, डोस आणि तारखा, रक्तातील पातळ्या, पहिल्या दिवसाचे वजन आणि कंबर, आजाराआधीचा न्यूट्रोफिलचा आकडा, जनुकचाचणी झाली असल्यास तिचा निकाल आणि धूम्रपानाची सध्याची स्थिती एवढे असावे. वंशाचा उल्लेख करायचा झाल्यास आजी-आजोबा कोणत्या प्रदेशातले होते ते लिहावे; एका शब्दाच्या गटनावापेक्षा नव्या डॉक्टरांना त्यातून कोणती चाचणी मागवायची ते अधिक नेमके कळते.